उतारावरची दाई-झाडं

ठकीला ऑफिसात कुणी ठकी म्हणत नाही. तिथे ती वृक्ष अधिकारी, तोंडावर मॅडम, आणि पाठीमागे जे काही म्हणत असतील ते. ठकी म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं, ती तिची मावशी. आणि तिनेच गेल्या पंधरवड्यात ठकीशी बोलणं टाकलं होतं. आपण मात्र तिला ठकीच म्हणू. पन्नाशीला टेकलेली, चष्मेवाली, चार माणसांना हुकूम सोडणारी बाई असली म्हणून काय झालं? ज्या माणसाच्या रागाने तिला घास गोड लागत नव्हता, त्या माणसाने ठेवलेलं नाव हे.

राग झाडांवरून होता.

शहराच्या कडेला एक उतार आहे. एके काळी तिथून खडी काढत. खडी संपली, उतार उघडाबोडका पडून राहिला, आणि पायथ्याशी बैठ्या घरांची वसाहत झाली. दिवसभर उतार तापायचा आणि संध्याकाळी ती सगळी धग घराघरांत शिरायची. पावसाचं गणित तोवर बिघडलेलंच होतं. रस्त्याकडेची जुनी झाडं, जी आजवर कुणाच्या देखरेखीशिवाय उभी होती, ती एकामागून एक शेंड्याकडून वाळत चालली होती. तेव्हाच्या साहेबांनी ठकीला बोलावलं आणि म्हणाले, "त्या उतारावर असं काहीतरी लावा, की पुन्हा लावायला नको." एवढं बोलून साहेब मोकळे झाले. साहेब लोक बोलून मोकळेच होत असतात.

ठकीने मात्र ते मनावर घेतलं. आज आपल्याकडे जशी हवा आहे तिच्यासाठी झाड निवडण्यात अर्थ नाही, आपण म्हातारे होऊ तेव्हा जशी असेल तिच्यासाठी निवडायचं, असं तिने ठरवलं. मग तशी हवा आजच कुठे आहे, हे शोधत ती दूरच्या कोरड्या मुलखात गेली. फांद्या कापून, पानं सुकवून, कोणतं झाड किती तहान सोसतं ते तिने पाहिलं. नदीकाठची सरळसोट, देखणी झाडं बाजूला ठेवली. खडकाच्या फटीत उभी असलेली, वेडीवाकडी, कुणी मान वळवून बघणार नाही अशी झाडं निवडली आणि त्यांचं बी गोळा केलं. बरोबरची माणसं गालातल्या गालात हसत होती. एकाला राहवलं नाही. "मॅडम, एवढं लांब येऊन हेच पसंत पडलं?" ठकी म्हणाली, "हो. सुखात वाढलेलं नकोच आहे मला."

बी रुजलं. पण या जातीचा एक स्वभाव आहे, ती आधी खाली वाढते. वर्षानुवर्षं जमिनीवर नुसती एक काटकी आणि चार पानं, सगळा जीव मुळात. ठकीची माणसं त्या रोपांना काटक्याच म्हणायची. मोठेपणी ही काटकी कसल्याही उन्हाला हार जात नाही, पण लहानपणी तिला डोक्यावर कुणाची तरी सावली लागतेच. त्यासाठी झाडं लावणाऱ्यांची एक पद्धत आहे. भराभर वाढणारी, थोड्या आयुष्याची झाडं लावायची आणि त्यांच्या आडोशाला ही हळू वाढणारी लावायची. दहा-बारा वर्षांत खालची सावरली की वरची कापायची. नाही कापली तर तीच सगळं पाणी पितात, ऊन अडवतात आणि ज्यांना वाढवलं त्यांनाच मारतात. अशा सावली धरणाऱ्या झाडांना दाई-झाडं म्हणतात.

इथवर ठकीचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते लावणीच्या दिवशी.

वसाहतीतल्या प्रत्येक घराला एक झाड दत्तक द्यायचं, अशी टूम निघाली होती. आता कोणतं द्यायचं? काटकी दिली तर लोक महिनाभर पाणी घालतील आणि मेली समजून उपटून टाकतील. शिवाय फोटोला साहेब येणार. काटकीशेजारी साहेब उभे राहिले तर फोटोत साहेबच झाड दिसतील. म्हणून ठकीने लोकांना दाई-झाडं देऊन टाकली, हिरवीगार, कमरेएवढी. गर्दी पांगल्यावर तिच्या माणसांनी मधल्या जागांत काटक्या लावल्या. दत्तक दिलेली झाडं पुढे कापायची आहेत, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. पुढचं पुढे बघू, असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली. झाडांच्या बाबतीत पन्नास वर्षं पुढचं बघणारी बाई, माणसांच्या बाबतीत तिला पुढची दहा वर्षंही बघवली नाहीत.

दाई-झाडांनी लोकांना वेड लावलं. दोन-तीन वर्षांत ती घरांच्या वर गेली, उतारावर सावली पडली आणि संध्याकाळची धग कमी झाली. लोक तिथे खुर्च्या टाकून बसू लागले. गणिताचे निवृत्त मास्तर दर महिन्याला आपल्या झाडाचा घेर मोजायचे, आणि शेजाऱ्याचं झाड जास्त भरलं की दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. पाणी घालायच्या पाळ्या मावशीने लावल्या होत्या. ती त्या वसाहतीतच राहायची, घरी शिवणकाम करायची. पाळी चुकवणाऱ्याच्या दारात ती जाऊन उभी राहायची. ओठांत टाचण्या धरलेल्या असल्यामुळे बोलायची काहीच नाही, नुसती बघायची. माणूस मुकाट्याने बादली उचलायचा.

मावशी म्हणजे ठकीच्या आईची धाकटी बहीण. ठकी तान्ही असताना आईला छातीचं दुखणं लागलं आणि दूरच्या इस्पितळात राहावं लागलं. वडील फिरतीवर. ठकी मावशीकडे आली. आईचं दुखणं लांबत गेलं आणि ठकी मावशीकडेच चालायला, बोलायला, भांडायला शिकली, शिलाई मशीनच्या पायाशी बसून पाढे पाठ करू लागली. शाळेत बऱ्यापैकी वर गेली तेव्हा आई बरी होऊन आली आणि तिला घेऊन गेली. मावशीने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने कुणाला दाद दिली नसती. आता आईही जाऊन बरीच वर्षं झाली. ठकी मावशीला पैसे पाठवायची, औषधं पाठवायची, फोन करायची. जायची मात्र कामापुरती.

लावणीला दहा वर्षं होत आली होती, आणि यंदा पावसाने पाठ फिरवली. हिवाळा सरत आला तेव्हा ठकीने उतारावरची माती तपासली. बादल्यांचं पाणी वरच्या मातीतच जिरत होतं, वीतभर खाली ओल नव्हती. काटक्यांची पानं विडीसारखी गुंडाळली गेली होती. उन्हाळ्याच्या आत दाई-झाडं कापली तर काटक्यांच्या वाट्याला उरलीसुरली ओल येणार होती. नाही कापली तर त्या मरणार, आणि दाई-झाडांची मुळं वरवरची, त्यामुळे तीही या उन्हाळ्यात टिकणार नव्हती. म्हणजे सगळंच गेलं असतं. उतार पुन्हा उघडा, आणि वसाहतीत पुन्हा ती धग.

कापणीची बातमी पसरली आणि वसाहत पेटून उठली. मास्तर टेप घेऊनच ऑफिसात आले, जणू घेर दाखवला की सरकार विरघळणार होतं. नवे साहेब जुन्यांपेक्षा हुशार निघाले. म्हणाले, "रविवारी सभा घ्या. लोक हो म्हणाले तर कापा. नाही म्हणाले तर माझ्यापुरता विषय संपला." लोकांना विचारावं तर जो तो म्हणे, "मावशी म्हणतील तसं." आणि मावशी पहिल्या दिवशी दारात उभी राहून एवढंच म्हणाली होती, "काम झालं की कापायचं. छान रीत आहे तुमची." आणि तिने दार लोटून घेतलं होतं.

ते वाक्य ठकीच्या डोक्यातून जाईना. मावशी झाडांबद्दल बोलत नाहीये, स्वतःबद्दल बोलतेय, याची तिला खात्री पटली. आपल्याला सावलीत वाढवलं, आणि आपण सावरलो तशी ती बाजूला पडली, हे इतकी वर्षं तिच्या मनात साचलेलं असणार. मनात तिने माफीची चार वाक्यं जुळवली, ती पुन्हा पुन्हा घोटली, आणि एका दुपारी मावशीचं दार वाजवलं.

मावशी कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, जरा वर चल. एक दाखवायचंय."

 ब्लेडने धागे कापल्याचा बारीक आवाज तेवढा येत राहिला.

"तुझी शपथ, वाद घालणार नाही. नुसतं बघ."

"शपथा कशाला घालतेस?" मावशी म्हणाली. "एवढा पाय उसवते आणि येते. त्या माणसाला उद्या पँट घालायचीय."

पाय उसवून झाला तशी ती आली. चढण तिला आता झेपत नव्हती, पण ठकीने पुढे केलेला हात तिने धरला नाही. झाडांखाली बरं वाटत होतं, हे ठकीलाही नाकारता येईना. तिने एका काटकीशेजारी बसकण मारली आणि खुरप्याने बाजूची माती हळूहळू काढायला घेतली. मावशी खुर्चीत बसून बघत होती. वर करंगळीएवढी काटकी, आणि खाली गेलं तसं मनगटाएवढं मूळ. ठकीने कोपरापर्यंत हात घातला तरी ते संपेना. त्याच्याभोवती दाई-झाडाच्या बारीक मुळांचं जाळं झालं होतं, आणि माती पिठासारखी भुरभुरत होती.

"ही एवढी आहे होय खाली?" मावशी पुढे वाकली. "मी आपली समजत होते, तुमच्या लोकांनी खुणेला काड्या खोचल्यात."

"झाड म्हणून हीच लावली होती, मावशी. तुम्हाला दिली ती हिला सावली द्यायला होती. आता तीच हिचं पाणी पितायत."

मावशीने दोन बोटांनी गुंडाळलेलं पान उलगडून पाहिलं. सोडल्यावर ते पुन्हा गुंडाळलं.

"हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कुणी आलंच नसतं. जे कापायचंय त्याला कोण पाणी घालेल?"

 ठकीला वाटलं, आता बोलायची वेळ हीच. तिने खुरपं खाली ठेवलं, हाताची माती झटकली आणि घोटून ठेवलेली वाक्यं काढली. "मावशी, तू का चिडलीस ते मला कळतं. तू मला वाढवलंस, आणि मी मोठी झाले तशी आई मला घेऊन गेली. तुझं काम झालं आणि तुला…"

"थांब, थांब," मावशी म्हणाली. "तू मला या झाडात बसवतेयस की काय?"

ठकीने खाली ठेवलेलं खुरपं पुन्हा उचललं.

"वेडी का खुळी तू? तुझ्या आईने तुला माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. पण तेवढ्यातही तिने मला समोर बसवून सांगितलं. म्हणाली, मी जगले तर हिला परत नेणार. तुला त्रास होईल, मला माहीत आहे. जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हण." मावशीचा आवाज चढला होता. "आणि मी हो म्हटलं. काय होणार ते ठाऊक असताना हो म्हटलं. तू म्हणतेस, कापायचंय त्याला कोण पाणी घालेल. मी घातलं ना!"

ठकीने मान खाली घातली.

"त्रास नाही झाला तुला?"

"झाला की! तू गेलीस त्या आठवड्यात मी तीन कपडे उलटे शिवले. पण तुझ्या आईचा मला कधी राग आला नाही. तिने मला फसवलं नव्हतं. तू आम्हाला फसवलंस, ठके. आम्हाला विचारायचं सोडून आमच्याकडून प्रेम काढून घेतलंस. माझा राग त्याचा आहे. झाड कापण्याचा नाही."

 इतके दिवस ठकी माफीची तयारी करत होती, पण भलत्याच गोष्टीच्या. स्वतःच्या अपराधाची तिने किती छान, रडवेली गोष्ट रचली होती, आणि खरा अपराध सरळ डोळ्यांसमोर उभा असून तो तिला अपराध वाटलाच नव्हता. तिला त्या क्षणी स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मग आता काय करू?" तिने विचारलं.

"आधी माती लोट त्या बिचारीवर. आणि घरोघर जाऊन सांग. मला सांगितलंस तसंच."

"तू येशील बरोबर?"

"मी कशाला येऊ? तुझ्या तोंडाला काय झालंय?"

ठकी घरोघर गेली. मॅडम म्हणून बोलायची सवय असलेल्या बाईला दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून "मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं" असं म्हणणं किती जड जातं, ते तिलाच ठाऊक. काहींनी आत बोलावून पाणी दिलं. काहींनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता दार लावलं. एका बाईने तिला सरळ फैलावर घेतलं. तिच्या नवऱ्याने शेवटच्या आजारपणात त्या झाडाला पाणी घातलं होतं. मास्तरांनी मात्र शांतपणे विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या झाडाचा घेर मोजत होतो?"

"चुकीच्या नाही, मास्तर. त्याचा घेर वाढला म्हणून खालची जगली."

"ते ठीक आहे. पण हे मला आधी कळलं असतं, तर मी दोन्ही मोजले असते," मास्तर म्हणाले, आणि आत गेले.

रविवारी सभा भरली. साहेब मागच्या खुर्चीत घड्याळ बघत बसले होते. ठकीने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी सगळ्यांसमोर. दाई-झाडं कापून त्यांच्याच फांद्यापाल्याचा थर काटक्यांच्या बुडाशी घालणार, म्हणजे उन्हाळाभर ओल टिकेल, हेही सांगितलं. दोन-तीन उन्हाळे तुम्हाला धग सोसावी लागेल, त्यावर माझ्याकडे इलाज नाही, हेही लपवलं नाही. लोकांनी सवयीने मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मावशी म्हणाली. "मी सगळ्यात शेवटी हात वर करणार. आधी तुमचं तुम्ही ठरवा."

 ठकीने वर बघायचं धाडस केलं नाही, ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मग एक हात वर गेला, तो तिला फैलावर घेणाऱ्या बाईचा होता. मग आणखी काही. मास्तरांचा हात गेला नाही, आणखीही बऱ्याच जणांचा गेला नाही. पण निम्म्याहून जास्त हात वर आले, तेव्हा कुठे मावशीने आपला वर केला.

कापणी सुरू झाली त्या सकाळी मावशी आपणहून वर आली. करवतींचा आवाज चालू होता. झाडं एका बाजूला अलगद झोपवली जात होती, खालच्या काटक्यांना धक्का लागू नये म्हणून. तिचं झाड पडताना तिने तोंड फिरवलं नाही. पदराने डोळे पुसले, मग पदर खोचला आणि पाल्याचे भारे उचलून काटक्यांच्या बुडाशी पसरायला लागली. मास्तरही आले होते. एकाच वेळी टेप आणि नाराजी घेऊन ते एका काटकीसमोर उकिडवे बसले होते. बघता बघता उतारावर ऊन पडलं. इतक्या वर्षांनी तिथे ऊन बघून सगळ्यांनाच कसंसं झालं.

थर घालून झाला तशी मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हिला पाणी किती घालायचं? आणि किती दिवसांनी? पाळ्या लावायला हव्यात."

"नाही घालायचं," ठकी म्हणाली. "आता पाणी घातलं तर मुळं वरच रेंगाळतील. हिची हिला खाली जाऊ दे. हिला आता कुणाची गरज नाही."

हे ती नेहमीच्या कामाच्या सुरात बोलून गेली. बोलून झाल्यावर तिने ते ऐकलं.

मावशी मान हलवत होती. "असं का," ती म्हणाली. "बरं. त्याचीही सवय आहे मला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. आज भाजी आणायची नाही, असं म्हणावं तितकं साधं ती बोलली होती. पण ठकीला हुंदका आवरला नाही. करवतवाल्यांच्या देखत, मास्तरांच्या देखत, पन्नाशीची ती अधिकारी बाई मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. कामगारांनी करवती बंद केल्या आणि दुसरीकडे बघू लागले.

मावशीने तिला थोडा वेळ रडू दिलं. मग पाठीवर एक धपाटा घातला.

"पुरे झालं, ठके. आपण लावलेलं आपल्याशिवाय जगायला लागलं, यात रडण्यासारखं काय आहे? त्यासाठीच तर लावलं होतं."